आधी बियाणं तपासा

घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर आमच्याकडे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. आठवड्याने गुंडाळी उघडायची आणि कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर एकरी दाणे वाढवायचे, फारच कमी असतील तर पेरायचंच नाही. कपाशीचं विकतचं बियाणं उगवलं नाही तर शेतकरी रिकामं पाकीट आणि पावती घेऊन कृषी केंद्रावर भांडायला जातो, तिथे भागलं नाही तर तालुक्याला तक्रार देतो. जमिनीत दोष आहे असं पहिल्याच दिवशी कोणी म्हणत नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की हीच शहाणी माणसं बरोबर उलटी वागतात. बियाण्याचा विषय निघत नाही. सगळं गाव जमीन तपासायला निघतं.

जळगावहून अजिंठ्याकडे जाताना लागणारं पहूर हे माझं गाव. तिथला क्रम मला पाठ आहे, आणि तो फक्त पहूरचा नाही. आधी नवस, मग सोनोग्राफी. मग रक्ताच्या तपासण्या, बीजांड कधी फुटतं ते बघायला एक दिवसाआड दवाखान्याच्या फेऱ्या, मग नळ्या उघड्या आहेत का ते बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रे, आणि शेवटी भूल देऊन पोटात घातलेली दुर्बीण. एवढं सगळं होईपर्यंत नवऱ्याबद्दल एकच वाक्य बोललं जातं: ‘त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे.’

माझ्या नात्यातल्या एका वहिनीने यातलं सगळं केलं. चार वर्षं. जळगाव झालं, नाशिक झालं, पुण्यात माझ्याकडे राहूनही एक दवाखाना झाला. त्या चार वर्षांत घरातल्या कुठल्याही डोहाळजेवणात ती स्वयंपाकघरात असायची, ओटी भरायला तिला कोणी बोलावलं नाही. चौथ्या वर्षी एका डॉक्टरने भावाचा रिपोर्ट मागितला. तोपर्यंत तो कोणी काढलाच नव्हता. शुक्राणूंची संख्या शून्य आली. वहिनीला कोणी ‘आमचं चुकलं’ म्हटलं नाही. फाईल कपाटात गेली आणि घरात त्या विषयावर बोलणं बंद झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूल होत नसेल तर पहिली तपासणी पुरुषाची झाली पाहिजे, आणि तिचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बाईच्या शरीरात नळी, दुर्बीण, भूल यातलं काहीही जाता कामा नये.

हे स्त्रियांवर उपकार म्हणून मी सांगत नाहीये. हा साधा हिशोब आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन यंत्रं एकमेकांशी जोडलेली आहेत आणि काम अडलंय. एका यंत्राची नोंद दोन मिनिटांत, फुकट वाचता येते. दुसऱ्याची वाचायला ते बंद करून उघडावं लागतं. आधी कुठे बघायचं हे कालच रुजू झालेल्या पोरालाही कळतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. त्याची पहिली तपासणी काही शे रुपयांची. त्यात सुई नाही, भूल नाही, रजा टाकावी लागत नाही. तरी ती चार वर्षांनी होते. याला वैद्यकीय कारण नाही. कारण एकच, की पुरुषाच्या शरीरात काय चालतं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची लाज वाटते.

तर आधी ते काय चालतं ते बघू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजनन संस्थेचा धडा आहे; आमच्या वर्गात तो ‘घरी वाचून या’ या सदरात गेला होता.

शुक्राणू वृषणांत तयार होतात. वृषण पोटाच्या बाहेर असतात, कारण या कामाला शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागतं. प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. सगळ्या सरळ केल्या तर लांबी शेकडो मीटर भरेल. या नळ्यांच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला मूळ पेशी बसलेल्या असतात. त्यांतली काही तिथेच राहून आपल्यासारख्याच पेशी बनवत राहतात, त्यामुळे भांडवल संपत नाही. काही आतल्या दिशेने सरकू लागतात. शरीरातल्या बाकी पेशींसारखीच त्यांच्यातही ४६ गुणसूत्रं असतात. त्यांची एकदा नक्कल होते आणि मग पेशी लागोपाठ दोनदा विभागते. एकीच्या चार होतात, प्रत्येकीत २३ गुणसूत्रं. वाटणी करताना आजोबांकडून आलेले आणि आजीकडून आलेले तुकडे पिसले जातात, म्हणून सख्खी भावंडंही सारखी निघत नाहीत.

या चार पेशी अजून गोल असतात. त्यांना रूप यायला आणखी काही आठवडे लागतात. गुणसूत्रं आवळून डोक्यात बसवली जातात, डोक्यावर बीजांडाचं आवरण भेदणाऱ्या रसायनांची टोपी चढते, मधल्या भागात ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची गुंडाळी होते, मागे शेपूट फुटतं. एवढा वेळ त्यांना धरून ठेवणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या पेशी एन्रिको सेर्तोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वर्णन केल्या. त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. मूळ पेशीपासून शेपटीपर्यंत साधारण ७४ दिवस जातात. त्यानंतर शुक्राणू वृषणाला चिकटलेल्या सुमारे सहा मीटर लांबीच्या दुसऱ्या नळीतून काही दिवस प्रवास करतात, आणि पोहायची क्षमता त्यांना तिथे येते. निरोगी तरुणात हे काम रात्रंदिवस चालतं. सेकंदाला साधारण हजाराच्या हिशोबाने.

यातून कळण्यासारख्या गोष्टी चार.

पहिली, ही चालू फॅक्टरी आहे, पुरून ठेवलेला हंडा नव्हे. ‘थेंबभर वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त’ हा हिशोब पहूरच्या पारावर ऐकू येत होता, आता तोच रील्समध्ये ‘नव्वद दिवस साठवा, चेहऱ्यावर तेज येईल’ अशा भाषेत फिरतो. वापरले न गेलेले शुक्राणू म्हातारे होतात आणि शरीर ते मोडून टाकतं. कुठेही तेज साठत नाही. ‘धातू जातोय’ या भीतीने पोरं इतकी खचतात, की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या भीतीलाच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. आजार वीर्य जाण्याचा नाही, ते गेल्याच्या धसक्याचा आहे.

दुसरी, आजचा रिपोर्ट हा सुमारे तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या मालाचा रिपोर्ट असतो. मे महिन्यात जोरदार ताप येऊन गेला तर जुलैमधला आकडा पडलेला दिसू शकतो. म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, पुन्हा करतात. तंबाखू सोडली, मांडीवरचा लॅपटॉप टेबलावर ठेवला, तर फरक बघायला तीन महिने थांबावं लागतं. ‘पंधरा दिवसांत संख्या दुप्पट’ म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय हे ओळखायला ७४ हा एक आकडा पुरतो.

तिसरी, या फॅक्टरीत सदोष माल निघणं हाच नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत खालची मर्यादा दिली आहे: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, आणि त्यांतले निर्दोष आकाराचे शंभरात फक्त चार. आपल्या गोणपाटात सत्तर लागतात, इथे चार. त्यामुळे रिपोर्टवर ‘९५ टक्के सदोष’ वाचून ढसाढसा रडायचं कारण नाही. रिपोर्ट वाचायला शिकायचं कारण मात्र आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुरुषत्व आणि शुक्राणू ही दोन वेगळी खाती आहेत. दाढी-मिशी, आवाज, कामेच्छा यांना लागणारं टेस्टोस्टेरॉन नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी बनवतात. शुक्राणू नळ्यांच्या आत बनतात. नळ्यांना ते टेस्टोस्टेरॉन लागतं, पण ते भरपूर असूनही आतलं काम बंद असू शकतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. बाकी द्रव दुसऱ्या ग्रंथींचा. म्हणजे ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही त्याला डोळ्यांनी काही वेगळं दिसत नाही, शरीरसुखात काही कमी जाणवत नाही. सगळ्या पुरुषांत शंभरामागे साधारण एकाच्या वीर्यात शुक्राणू नसतात. तो धडधाकटच असतो. ‘धडधाकट आहे’ हे उत्तर म्हणूनच बिनकामाचं आहे. ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पण ही दोन खाती वेगळी ठेवायला आपली भाषाच तयार नाही. बाईसाठी आपल्याकडे ‘वांझ’ आहे, ‘वांझोटी’ आहे. न फळणाऱ्या झाडालाही आपण वांझच म्हणतो. पुरुषासाठी तोडीस तोड शब्द सांगा. ‘नपुंसक’, ‘नामर्द’? त्यांचा अर्थ वेगळा, आणि त्या शिव्या आहेत. शुक्राणू नाहीत पण बाकी सगळं ठीक आहे अशा माणसासाठी रोजच्या मराठीत शब्दच नाही, म्हणून तो माणूसच नाही असं धरून आपण चालतो. वर त्या द्रवाला आपण नाव दिलंय ‘वीर्य’, म्हणजे पराक्रम. ज्याचं नावच पराक्रम, ते प्रयोगशाळेत डबीत घालून द्यायला कोण तयार होईल?

दुसरा घोळ ‘बी’ या शब्दाचा. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे शेत. लीला दुबे यांनी १९८६ मध्ये ‘बीज आणि भूमी’ या रूपकावर एक निबंध लिहिला. मूल बापाचं, वंश बापाचा, जमीनजुमला बापाकडून मुलाकडे, हा सगळा डोलारा या रूपकावर कसा उभा आहे हे त्यांनी दाखवलं. रूपक फक्त आपलंच नाही. लेवेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, आणि १६९४ मध्ये हार्टसुकर नावाच्या डच माणसाने शुक्राणूच्या डोक्यात अंग चोरून बसलेला अख्खा छोटा माणूस चितारला. सस्तन प्राण्यांचं बीजांड दिसायला १८२७ उजाडलं. दीडशे वर्षं विज्ञानालाही अर्धाच हिशोब माहीत होता.

शेतकऱ्याच्या पोरांनी तरी हे रूपक मानू नये. बी म्हणजे फलन होऊन गेलेली गोष्ट; तिच्यात नर आणि मादी दोघांचं येऊन चुकलेलं असतं, आत रोपाचा कोंब तयार असतो. शुक्राणू म्हणजे बी नव्हेच. तुलना करायचीच तर ती परागकणाशी. बाप पराग देतो, आई बीजांड देते, बी दोघांचं असतं आणि वर शेतही आईचंच. मग या रूपकाने बापाला काय दिलं? पीक आलं तर श्रेय बियाण्याचं, नाही आलं तर दोष जमिनीचा. एवढा एकतर्फी करार कुठलाही बियाणे विक्रेता शेतकऱ्याकडून सही करून घेऊ शकणार नाही.

खानदेशात या विभागणीचं आणखी एक उदाहरण रोज ताटात असतं. बाजारातल्या केळ्यात बी का नसतं? त्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तिनाचे दोन समान वाटे पडत नाहीत, ४६ चे २३ करताना होते तशी वाटणी तिथे अडते, आणि बी धरत नाही. बागेत उभी असलेली ती केळ आपल्याला नामर्द वाटत नाही. काही पुरुषांतही एखादं गुणसूत्र जास्त असतं आणि हीच वाटणी बिघडते. एवढीच गोष्ट आहे ती. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी तीच वाटणी वाचावी: एक्स आणि वाय वेगळे होतात ते बापाच्या नळ्यांत, आईच्या पोटात नाही.

केळीवरून आठवलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी कोणालाच मुलं होत नाहीत. त्यांनी आपसात बोलून तपासणी करून घेतली, आणि डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक शुक्राणूंची फॅक्टरी बंद पाडतं हे जगाला कळलं. तेच औषध मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांत फवारलं जात होतं, आणि तिथले हजारो मजूर त्याने वंध्य झाले. लॅथ्रॉपच्या कामगारांनी लाज धरून बायकांनाच दवाखान्यात पाठवत राहायचं ठरवलं असतं, तर ते विष आणखी किती वर्षं विकलं गेलं असतं?

आपली लाज मात्र एक धंदा चालवते. रस्त्याकडेच्या भिंतींवरचा ‘गुप्तरोग, हमखास इलाज’ आता मोबाईलवर ‘ताकद’ आणि ‘स्टॅमिना’ म्हणून येतो. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे तुम्हाला ती जाहिरात कधीच सांगणार नाही. जिममध्ये ताकदीसाठी टोचलं जाणारं टेस्टोस्टेरॉन तर क्रूर विनोद आहे. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूखालची ग्रंथी म्हणते, पुरे झालं, आणि वृषणांना जाणारे आदेश थांबवते. वृषणातलं काम बसतं. दंड फुगतात आणि शुक्राणू शून्याकडे जातात. परत सुरू व्हायला महिनोन्महिने लागतात.

हे सगळं मराठीत सांगायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. करवे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक त्यांना शरीराबद्दलचे प्रश्न पाठवत आणि ते सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मग २००७ मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी घातली. करव्यांवर आपण सिनेमा काढला, नाटक काढलं, टाळ्या वाजवल्या. त्यांनी छापलेली उत्तरं वर्गात वाचायची मात्र अजून हिंमत नाही.

यावर डॉक्टर म्हणतात, ‘पुरुष येतच नाहीत, आम्ही काय करणार?’ करण्यासारखं आहे. त्याचा रिपोर्ट नसेल तर तिची दुर्बीण करणार नाही, एवढं एक वाक्य केसपेपरवर लिहा. ऑपरेशनआधी रक्ताचा रिपोर्ट सक्तीने मागताच ना?

घरचे म्हणतात, ‘सूनच म्हणते, माझी तपासणी करा.’ ती म्हणणारच. नवऱ्याचं नाव गावात निघालं तर त्याचा राग कोणावर निघेल हे तिला माहीत आहे. तिच्या भीतीला तिची इच्छा म्हणू नका.

आणि पुरुष म्हणतात, ‘शून्य आलं तर?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो दुखतो. पण शून्य म्हणजे शेवट नव्हे. कधी वृषणाच्या शिरा फुगलेल्या असतात, त्यावर ऑपरेशन आहे. कधी वाट बंद असते आणि मागे माल तयार असतो. कधी हार्मोनची कमतरता असते, ती औषधाने भरून निघते. १९९२ पासून एकच शुक्राणू बीजांडात टोचून गर्भ तयार करता येतो, आणि तो एक वृषणातूनही काढता येतो. यातलं काहीच जमलं नाही तर दत्तक आहे, दात्याचे शुक्राणू आहेत, मुलाशिवायचं सुखाचं आयुष्यही आहे. हे सगळे निर्णय पहिल्या वर्षी घेता येतात. बायकोची चार वर्षं आणि पोटावरचे व्रण खर्च करून झाल्यावरच घ्यावेत असा काही नियम नाही.

आणि मूल नको असलं तरी चित्र तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कुटुंब नियोजनासाठी स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष नसबंदीचं ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची, तिच्यानंतर शुक्राणू बनतच राहतात, टेस्टोस्टेरॉन तसंच राहतं. तरी टेबलावर बाई. मूल हवं असलं तरी तीच, नको असलं तरी तीच.

तुम्ही पंचवीस-तीसचे असाल, नुकतं लग्न झालं असेल किंवा ठरत असेल, तर घरात पहिल्यांदा ‘काही गोड बातमी?’ असं विचारलं जाण्याआधीच हे ठरवून ठेवा. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत (बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने), की पहिला रिपोर्ट तुमचा. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा, घरून न्यायचा असेल तर अंगाच्या उबेत ठेवून तासाच्या आत पोचवायचा. आकडा कमी आला तर तीन महिन्यांनी परत. आणि रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर तो आईच्या, बायकोच्या, सगळ्यांच्या समोर तुम्हीच मोठ्याने वाचायचा, तो कसाही आला असला तरी.

पहूरहून जामनेर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीवर तासाच्या आत सहज होतं.